तक्रारीत तथ्य आढळले नाही

“आई, मेन बंद कर!” जिन्यात उभा राहून अभिनंदन मगदूम वर ओरडला.

“केला!”

“नक्की केलास?”

“केला म्हणते ना!”

मी जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत मान वाकवून उभा होतो. खोली कसली, कोनाडाच तो. लाकडी फळीवर तीन ओळींत बारा मीटर. मगदुमांचा सहा नंबरचा, मधल्या ओळीतला. त्या वेळचे मीटर आतासारखे नव्हते. आकड्यांच्या खाली काचेची एक बारीक खिडकी असे आणि तिच्यामागे अ‍ॅल्युमिनियमची चकती आडवी फिरत असे. वीज जळते आहे तोवर ती फिरणार, वीज थांबली की थांबणार. फेरे मोजता यावेत म्हणून चकतीच्या कडेवर एक लाल खूण असे. वर मेन बंद झाला आणि चकती थांबली. लाल खूण खिडकीच्या बरोबर मधोमध होती.

“थांबली?” अभिनंदनने विचारलं.

“थांबली.”

“म्हणजे बाहेर कुठे गळती नाही.”

“या घडीला तरी दिसत नाही.”

माझं बोलणं असंच. ‘या घडीला’, ‘बहुधा’, ‘तसं म्हणता येईल’. मिरजेत वीज खात्याच्या मीटर-तपासणीत तेव्हा मला चोवीस वर्षं झाली होती, तरी आमचे साहेब म्हणायचे, “म्हैसाळकर, तुम्ही मीटर तपासायला जाता की मीटरची परवानगी काढायला?”

अभिनंदन दोन पायऱ्या उतरून जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, “साहेब, बिल अचानक एवढं वाढलंय ते का, मला स्पष्ट सांगा. मीटर खराब असेल तर माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. आई इथंच राहील, मी परवा बडोद्याला निघून जाईन. पण मीटर बरोबर असेल, तर वीज घरातच जळतेय. आणि घरात ती एकटी. दिवाळीत मीच तिला बादलीत सोडायचा हीटर आणून दिला. तो चालू ठेवून ती बाहेर जातेय, आणि तिला आठवत नाही. मागच्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून बस्तीत दर्शनाला गेली होती. पातेलं अजून काळं आहे, बघून या. एक दिवस ओला हात त्या बादलीत घालेल आणि मला फोन येईल तोही तिसऱ्याच माणसाचा.”

“हं,” मी म्हणालो.

“मीटर बरोबर निघाला तर तिला घेऊन जाणार. तिला तसं सांगितलंय. तिनंही मान्य केलंय. म्हणून तर तक्रार तिच्याच नावानं केलीय.”

मुलगा वाईट नव्हता. आईच्या काळजीने त्याचे डोळे तारवटले होते. मी त्याला सांगितलं नाही की त्याच्या आईला मी वीस वर्षं ओळखतो. सांगण्यासारखी ती ओळख होती का, याची मला खात्री नव्हती.

त्रिशला मगदूम आमच्या वाचनालयात ग्रंथपाल होत्या. मी दर शनिवारी संध्याकाळी पुस्तक बदलायला जायचो. मी एकटा राहायचो. शनिवारचं पुस्तक पुढच्या शनिवारपर्यंत पुरवायचं, एवढाच माझा आठवडा. बाई कार्ड न बघताच माझा सभासद नंबर म्हणायच्या, “तीनशे सत्तावन्न.” मग तारखेचा शिक्का. कधी पुस्तक हातात घेऊन म्हणायच्या, “शेवटची चार पानं नाहीत. चालेल?” मी म्हणायचो, “चालेल.” एकदा त्यांनी एक प्रवासवर्णन माझ्यासाठी खणात बाजूला ठेवलं होतं. मी ‘आभारी आहे’ म्हणायचं ठरवलं, आणि ते म्हणेपर्यंत मागचा माणूस पुढे आला होता. वीस वर्षांतलं आमचं सगळं बोलणं एका पानात मावेल. त्या निवृत्त झाल्या, त्यालाही तेव्हा तीन वर्षं झाली होती.

त्यामुळे तासाभरापूर्वी त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा त्या मला ओळखणार नाहीत असं मी धरून चाललो होतो.

“या, तीनशे सत्तावन्न,” त्या म्हणाल्या होत्या. “शेवटी खात्याला माणूस सापडला म्हणायचा.”

मला घाम पुसायचं निमित्त मिळालं. मे महिना होता.

बाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं. भिंतीवर दिनदर्शिका होती. एरवी बाया त्यावर दुधाचा हिशेब मांडतात. बाईंनी प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने दोन आकडे लिहिले होते. वर बारीक अक्षरात ‘जा’, खाली ‘ये’.

“हे बघा. मी रोज सकाळी सहाला बस्तीत जाते. निघताना मेन बंद करते, ही माझी यांच्या वेळेपासूनची सवय. खाली उतरले की मीटरचा आकडा बघते. साडेसातला परत येते तेव्हा पुन्हा बघते. घर बंद, मेन बंद. आणि हा फरक बघा. दीड युनिट. हा बघा, पावणेदोन. रोज. जानेवारीपासून.”

बस्ती म्हणजे जैन मंदिर. आमच्या बाजूला तोच शब्द आहे.

“आई, आकडे बघताना चष्मा कुठला असतो तुझ्या डोळ्यावर?” अभिनंदन दारातून म्हणाला.

“आकडे वाचायचा.”

“आणि हीटर?”

“माळ्यावर. एकदा बोटाला झिणझिण्या आल्या तेव्हापासून पाणी गॅसवर तापवते.”

“मग परवा तो मोरीत कसा होता?”

“तूच काढलास बघायला! ठेवला नाहीस परत.”

अभिनंदन माझ्याकडे बघून कसनुसा हसला.

“माझ्या घरात वीज जळणार कशानं?” बाई मलाच विचारत होत्या. “दिवस मावळायच्या आत मी जेवते. रात्री वाचण्यापुरती एक ट्यूब, आणि हा पंखा. साडेनऊला तीही बंद. म्हैसाळकर, माझं डोकं ठिकाणावर आहे का, हे तुम्हाला विचारत नाही. ते तुम्ही सांगणार नाही. मीटरचं तेवढं सांगा.”

मी ते आकडे वाचले. अक्षर तेच, वाचनालयाच्या कार्डांवरचं, एका उंचीचं, कुठेही खाडाखोड नसलेलं.

मग आम्ही खाली आलो. शंभरच्या दोन बल्बांचा माझा बोर्ड जोडून, घड्याळ लावून चकतीचे फेरे मोजले. मीटर अगदी बरोबर होता. मग ते मेन बंद करणं झालं आणि चकती थांबली. नियमात होतं तेवढं सगळं झालं. मी पायरीवर बसून छापील कागद भरला. वेळ अकरा पस्तीस. शेवटच्या रकान्यात लिहायची दोनच वाक्यं ठरलेली असत, त्यातलं दुसरं लिहिलं : तक्रारीत तथ्य आढळले नाही. खाली माझी सही केली. बॅग आवरली, निघताना सवयीने मीटरवर एक नजर टाकली, आणि ग्राहकाची सही घ्यायला वर निघालो.

जिन्यात बाईंच्या वरच्या मजल्यावरच्या कुरणे वहिनी भेटल्या. हातात बाळाच्या दुपट्यांची बादली. वरून तान्ह्या मुलाचं रडणं आणि धुरीचा वास येत होता.

“काय निघालं हो?”

“मीटर बरोबर आहे,” मी म्हणालो.

“वाटलंच मला. काकू हल्ली विसरतात की हो. मीच अभिनंदनला फोन केला शेवटी. एकटं माणूस, उद्या काही झालं तर जन्माची रुखरुख आपल्याला.” वरचं रडणं वाढलं तसं त्यांनी मान वर केली. “आले गं! आत्ता आंघोळ घातली, आता झोपेल म्हटलं तर ह्याचं आपलं सुरूच. लेक आलीय बाळंतपणाला. पाच महिन्यांचा झाला, जायचं नाव नाही दोघांचं.” आणि हसत वर गेल्या.

बाई दाराशेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. हातात जुन्या पुस्तकाचा सुटलेला पुठ्ठा होता, त्याने वारा घेत होत्या. त्यांनी पुठ्ठा मांडीवर ठेवला, चष्मा बदलला आणि माझा कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.

“‘तथ्य आढळले नाही’ म्हणजे मी खोटं बोलते असं, की मला कळत नाही असं?”

“तसं नाही बाई. ते छापील वाक्य आहे.”

“आयुष्यभर छापील वाक्यंच वाचली मी.”

त्यांनी पेन घेतलं, पण सही केली नाही. कुठे बघावं कळेनासं झालं की माझी नजर भिरभिरते. मी छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

“करू ना सही?” त्यांनी विचारलं.

“हो. खाली, उजवीकडे.”

त्यांनी सही केली. मग उठल्या आणि दाराजवळच्या मेनचा खटका वर केला. पंखा फिरू लागला. माझा कागद टेबलावरून उडाला, तो अभिनंदनने पकडून माझ्या हातात दिला.

“थँक्यू साहेब,” तो म्हणाला. “फार मोठं काम झालं.”

त्यानंतर सतरा दिवस गेले. त्या सतरा दिवसांत रोज पहाटे मला जाग येई. सहा वाजता कुणी त्या इमारतीत गेलं, जिन्याखाली उभं राहिलं, तर पाच मिनिटांत काय ते कळेल, हे मला माहीत होतं. आमची तपासणी दहा ते चार. मीटर आमच्या वेळेला बघायचा, घराच्या वेळेला नाही, ही सगळ्या खात्याची रीत. पण ‘जा’ आणि ‘ये’ हे आकडे मी डोळ्यांनी वाचले होते. रोज सायकलला हात लावी आणि मनाशी म्हणे, उद्या जाऊ. गेलो आणि काही निघालं नाही तर? जिन्यात अभिनंदन भेटला आणि म्हणाला, साहेब, तुम्ही परत कसे? मी त्याला काय सांगणार होतो?

तिसऱ्या शनिवारी वाचनालयात गेलो. गौस शिपाई पुस्तकं लावत होता.

“मगदूमबाई आल्या होत्या की परवा,” तो म्हणाला. “कार्ड परत करून गेल्या. काल गेल्या बडोद्याला, कायमच्याच. रडल्याबिडल्या नाहीत बघा. सगळ्या कपाटांवरनं एकदा हात फिरवला आणि मला म्हणाल्या, गौस, वाळवीचं औषध पावसाच्या आधी मार.”

दुसऱ्या दिवशी रविवार. पहाटे साडेपाचला मी सायकल काढली. मला का जमलं ते सांगतो. आता तिथे मला ओळखीचं कुणी भेटणार नव्हतं.

सहाला दहा मिनिटं होती. जिन्याखाली अंधार. बॅटरीचा झोत सहा नंबरवर टाकला. चकती जागच्या जागी उभी होती. मी पायरीवर बसलो. दूधवाला येऊन गेला. वर कुठेतरी कडी वाजली, नळ सुटला, बादलीत पाणी पडायला लागलं. मी झोत पुन्हा वर नेला.

सहा नंबरची चकती भिंगरीसारखी फिरत होती. लाल खूण नुसती झरझर येत-जात होती.

मी दुसऱ्या मजल्यावर गेलो. मगदुमांच्या दाराला पितळी कुलूप होतं. आत काही चालू असणं शक्य नव्हतं. पाण्याचा आवाज वरून येत होता. मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन कुरण्यांच्या दारासमोर उभा राहिलो. बेल दाबायला मला किती वेळ लागला ते मी सांगत नाही.

दार वहिनींनी उघडलं. “अगबाई, तुम्ही? इतक्या सकाळी लाईट तोडायला येता होय?”

“तोडायला नाही. गिझर चालू आहे का?”

“आहे की. हे आत आहेत.”

“पाच मिनिटं बंद करता का?”

बाथरूममधून कुरण्यांचा आवाज आला, “कोण आहे?”

“लाईटवाले! गिझर बंद कर म्हणतायत!”

“आत्ता? त्यांना म्हणावं साबण लावलाय!”

“सॉरी,” मी बाहेरून म्हणालो. “दोनच मिनिटं.”

वहिनींनी बटण बंद केलं. मी खाली धावलो. चकती उभी. खालून हाक मारणं मला जमेना म्हणून पुन्हा वर गेलो, “चालू करा” म्हणालो, खाली आलो. चकती भिंगरी. पुन्हा वर, पुन्हा बंद, पुन्हा खाली. तीन वेळा केलं. तिसऱ्या वेळी कुरणे टॉवेल गुंडाळून, डोक्यावर फेस घेऊन दारात उभे होते.

“अहो साहेब, डोळ्यात साबण गेलाय. काय खेळ चाललाय काय?”

“गिझर कधी बसवला?”

“जानेवारीत. लेकीच्या बाळंतपणासाठी. का?”

“वायर नवीन ओढली?”

“ओढली की. इलेक्ट्रिशियन म्हणाला जुनी वायर जळेल. खालपासून वेगळी आणलीय.”

ती वायर जिन्याखालच्या फळीच्या मागे उतरली होती. फळीवरचे घरांचे नंबर रंगाखाली गेले होते. त्या माणसाने नऊ नंबरच्या मीटरला जोडायची वायर वरच्या ओळीतल्या सहा नंबरला जोडली होती. मीटरच्या पुढे, पण बाईंच्या मेनच्या अलीकडे. बाई वर मेन बंद करून बस्तीत जात, आणि कुरण्यांच्या घरची सकाळ सुरू होई. फसवणूक नव्हती. फळीच्या मागे हात घालून, चाचपून केलेली चूक होती. मीही त्या दिवशी फळीच्या मागे बघितलं नव्हतं.

मी समजावून सांगितलं तेव्हा वहिनी उंबऱ्यातच खाली बसल्या.

“म्हणजे काकू म्हणत होत्या ते खरं?”

“हो.”

“आणि मी जाईल तिथं सांगत सुटले, काकूंना विसरायला होतंय म्हणून. वाण्याला सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. तो मेला त्यांना रोज दोनदा विचारायचा, पिशवी घेतली का, पिशवी घेतली का.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “परवा निघताना किल्ली माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, तुझ्या नातवाला सांभाळ. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.”

सोमवारी वायर बदलली. खात्यात दुसरा कागद भरला. मग मी बडोद्याला बाईंना पत्र लिहिलं. चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा जे टाकलं ते मला अजून पाठ आहे : दोष सापडला, तो अमुक होता, तुमच्या नोंदी बिनचूक होत्या, तुमच्याकडून काहीही चालू राहत नव्हतं. आणि शेवटी, ‘हा दोष कचेरीच्या वेळेतील तपासणीत सापडण्यासारखा नव्हता, याबद्दल दिलगीर आहे.’ ते वाक्य लिहून मला हलकं वाटलं होतं.

उत्तर महिन्याभराने आलं. आंतरदेशीय पत्र, तेच अक्षर.

‘म्हैसाळकर यांस, स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. अभिनंदनला वाचून दाखवलं. त्याने ते हातात घेऊन पुन्हा वाचलं. मग म्हणाला, ठीक आहे आई, पण आता आलीच आहेस. मिरजेचं घर दिवाळीनंतर भाड्याने द्यायचं म्हणतो. इथे सगळं चांगलं आहे. सून माझं ताट दिवस मावळायच्या आत करते. स्वयंपाकघरात मात्र मला जाऊ देत नाहीत. जवळ वाचनालय आहे, त्यात मराठी पुस्तकांचं एक कपाट आहे, ते जुलैअखेर संपेल.

तुम्ही लिहिता की दोष कचेरीच्या वेळेत सापडण्यासारखा नव्हता. तसं असेल, त्यातलं मला कळत नाही. पण त्या दिवशी तुम्ही कागद घेऊन वर आलात तेव्हा मेन बंदच होता आणि मी पुठ्ठ्याने वारा घेत होते. तुम्ही आधी पंख्याकडे पाहिलंत. मग माझ्याकडे पाहिलंत. तुमचा चेहरा पडला होता. मला वाटलं, आता हे बोलतील. तुम्हाला बोलायला वेळ लागतो हे मला वीस वर्षं माहीत आहे, म्हणून पेन हातात धरून थांबले. मग तुम्ही म्हणालात, खाली, उजवीकडे.

रागाने लिहीत नाही.

एक काम होतं. निघायच्या दिवशी मी मेन बंद केला होता, असं मला वाटतं. पण इथे रात्री जाग आली की तो चालूच राहिला असं वाटायला लागतं. आता माझी मला खात्री देता येत नाही. किल्ली कुरण्यांकडे आहे. एकदा बघून कळवाल का?

त्रिशला मगदूम’

त्या दिवशी निघताना मीटरवर नजर टाकली असं मी वर लिहिलं. काय दिसलं ते लिहिलं नाही. लाल खूण खिडकीत नव्हती. ती मधोमध थांबलेली मी पाहिली होती, आणि कागद भरून होईपर्यंत ती कुठेतरी आत सरकली होती. मी स्वतःला म्हणालो, वर मेन पुन्हा लावला असेल. किंवा आपणच नीट पाहिलं नसेल, आपल्याला भास झाला असेल. वर गेलो तर पंखा उभा होता आणि बाई पुठ्ठ्याने वारा घेत होत्या. म्हणजे मेन लावलेला नव्हता. म्हणजे मेन बंद असताना चकती फिरली होती. वरती बाळाची आंघोळ नुकतीच झाली होती, ते मला नंतर जुळवता आलं. पण काहीतरी चुकतंय हे त्या क्षणी, त्या पंख्याखाली, मला पूर्ण कळलं होतं. कागदावर माझी सही झाली होती. अभिनंदन दारात उभा होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, “थांबा, मी पुन्हा एकदा बघून येतो.”

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी गेलो. दुरुस्तीनंतर सहा नंबरची चकती उभी आहे, त्याअर्थी मेन बंदच आहे, हे घरी बसूनही समजत होतं. तरी गेलो. वहिनींनी किल्ली दिली, सोबत येऊ का म्हणाल्या, मी नको म्हणालो.

दार उघडलं. मेनचा खटका खाली होता. दिवस मावळत आला होता, तेवढ्या उजेडात मी स्वयंपाकघरात गेलो. दिनदर्शिका भिंतीवरच होती. निघायच्या तारखेच्या चौकोनात ‘जा’ आणि आकडा. खाली ‘ये’ लिहिलेलं, आणि पुढे कोरं.

दुसऱ्या दिवशी पोस्टात उभा राहून कार्ड लिहिलं. ‘मेन बंद आहे. मी स्वतः पाहिला.’ बहुधा वगैरे काही लिहिलं नाही. खाली नाव घालायचं की नंबर, यात बराच वेळ गेला. शेवटी नंबर घातला. पंख्याबद्दल लिहायला कार्डावर जागा होती, पुष्कळ होती.

त्यांचं पुन्हा पत्र आलं नाही. उत्तर द्यावं लागेल असं मी त्यात काही विचारलंही नव्हतं.